एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस

३ जानेवारी

प्रिय धाकट्या,

प्रभूच्या नावात सलाम. आम्ही इकडे सगळे बरे आहोत, तूही बरा असशील. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील, पण वाईट बातमी नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर आपण दोघं काय काय बोलून बसतो ते आपल्याला ठाऊक आहे. पत्राचं बरं असतं. ते फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एक नजर टाकतोच.

नव्या वर्षाच्या उपासनेनंतर पाळकबाईंनी आम्हा आयांना मागच्या बाकांवर थांबवून घेतलं आणि प्रत्येकीच्या हातात एकेक कार्ड दिलं. म्हणाल्या, "मोठमोठे संकल्प नकोत. पंधरा दिवसांत ते गळतात आणि मग देवाला तोंड दाखवायची लाज वाटते. जमतील अशा साध्या गोष्टी लिहा." माझ्या शेजारी बसलेली नर्स म्हणाली, "वर्षभर नवऱ्याशी भांडणार नाही, असं लिहू का?" पाळकबाई म्हणाल्या, "साध्या गोष्टी म्हटलं मी, चमत्कार नव्हे." मागचे बाक इतके हसले की पुढून चर्चचे सेक्रेटरी वळून बघायला लागले.

माझ्या चार झाल्या. घर जागं व्हायच्या आधी पंधरा मिनिटं शांत बसून प्रार्थना करायची. भिंगरीवर आवाज चढवायचा नाही (सात वर्षांची झालीये तुझी भाची, आणि दिवसभर आपलं नाव खरं करत असते). जेवताना फोन बाजूला ठेवायचा. आणि दर महिन्याला तुला एक पत्र लिहायचं. पाचवीही लिहिली होती, ती खोडली. पेन इतकं दाबलं गेलं की कार्डाला भोक पडलं. असो.

भट्टीवर कानात बोळे घालतोस ना? काचेच्या बाटल्यांचा तो खणखणाट आठ-आठ तास ऐकून माणसाचे कान जातात आणि त्याला पत्ताही लागत नाही. अशीच माणसं रोज माझ्यासमोर बसतात, म्हणून सांगते.

तू माझा दवाखाना कधी पाहिला नाहीस. आमच्याकडे कान तपासायची एक बंद खोली आहे, आम्ही तिला पेटी म्हणतो. वीतभर जाडीचं दार, भिंतींना स्पंज. आत एक खुर्ची, हेडफोन आणि हातात धरायचं बटण. मी बाहेर मशीनपाशी बसते, मध्ये काचेची खिडकी. मी बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की आतल्याने बटण दाबायचं, माझ्याकडे दिवा लागतो. दार लावलं की पेटीत इतकं शांत असतं की काहींना स्वतःच्या मानेतली शीर ऐकू येते. मी आत एकटी कधी बसत नाही. कामच बाहेरचं आहे ना.

काल या वर्षाचे पहिले पेशंट आले, बसवर कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. मी मशीनचे आकडे लावत होते, आवाज अजून सोडलाच नव्हता, आणि दिवा लागला. एकदा, दोनदा, तीनदा. थोडा वेळ गेला आणि परत तीनदा. असं होतं कधी कधी, म्हातारी माणसं उगाच घाईने दाबतात. मी दार उघडून म्हटलं, "काका, आवाज आल्यावरच दाबायचं."

ते म्हणाले, "आल्यावरच दाबलं की. कुणीतरी लोखंडावर चमचा वाजवतंय आत."

मी म्हटलं, "तसला आवाज आमच्या मशीनमध्ये नाहीच काका."

"मग दुसऱ्या कुणाचा असेल," ते म्हणाले. "बाई, माझी हयात घंटीत गेली. एक वाजली की थांब. दोन वाजल्या की चल. तीन वाजल्या म्हणजे मागे काहीतरी झालंय, ड्रायव्हरने उतरून यायचं. हे तीन आहेत."

मी हसले आणि दार लावलं. पुढची चाचणी नीट झाली. रिपोर्ट लिहिताना मात्र माझं अक्षर बिघडलं. का ते सांगता येत नाही.

बाकी सगळं ठीक. दाजी तुझी आठवण काढतात.

तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

सलाम. तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, पण पोस्टमन दिसला की मान आपोआप वळायची.

कार्डाची हकीकत सांगते. जेवताना फोन बाजूला ठेवणं जमतंय. दाजींना जास्त जड जातंय, ते फोनकडे असे बघतात जसं काही मीच तो अटकेत टाकलाय. भिंगरीवर महिनाभरात दोनदाच आवाज चढला, आणि दोन्ही वेळा कारण रास्त होतं. प्रार्थना रोज होते. स्वयंपाकघरात बसते, धूर ओढायचा पंखा लावून. परवा दाजी पाणी प्यायला उठले आणि म्हणाले, "शांत बसायचं ना तुला? मग हे घरघरतं कशाला?" मी म्हटलं, त्याने लक्ष लागतं. ते म्हणाले, "मागची खोली रिकामी आहे की. तिथे बस, पंखा नको आणि काही नको."

मागच्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल आहे, जुने कोट आहेत. आईचा लोखंडी पलंग घडी करून भिंतीला लावलाय. ती खोली थंड असते. मी तिथे कपडे ठेवायला जाते तेवढीच.

दवाखान्यातलं पुढे ऐक. कंडक्टरकाकांनंतर त्या आठवड्यात आणखी दोघांनी तसंच केलं. मी सरळ मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने वायर बदलल्या, हेडफोन नवीन लावले, तासभर स्वतः पेटीत बसला. बाहेर येऊन म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे." मग पान्हे पिशवीत भरता भरता माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बाजूच्या इमारतीत काम चालू आहे का हो? कुणीतरी ठोकतंय." बाजूला इमारत नाही, मोकळं मैदान आहे. मी त्याला तसं सांगितलं नाही. हो म्हटलं.

त्यानंतर शिंपीणबाई आल्या. पन्नाशीच्या, नाकावर चष्मा, पदराला टाचण्या. लहानपणी गालगुंड झालं आणि डावा कान पार गेला. माझ्याकडे पाच वर्षांपासून येतात. उजव्या कानाचं यंत्र बसवून घेतात आणि डावा कान आम्ही केवळ नियम म्हणून तपासतो. त्या कानात तोफ डागली तरी दिवा लागत नाही. या वेळी मी उजवा संपवला, डाव्याकडे वळले, अजून बोट उचललं नव्हतं, आणि दिवा लागला. तीनदा. काचेतून बघितलं तर बाई ताठ बसल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

दार उघडलं तर माझा हातच धरला. "चाळीस वर्षांवर झाली हो, या कानाने काही ऐकलं नव्हतं. परत लावा ना ते."

मी म्हटलं, "कसं वाटलं ऐकायला?"

"कुणी आजारी माणूस हाक मारतं ना, तसं. तोंडाने नाही, असं वाजवून." आणि त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर अंगठीने वाजवून दाखवलं. "परत लावा ना."

काय लावणार होते मी? मशीन बिघडलंय, पुढच्या वेळी बघू, असं सांगून त्यांना पाठवलं. पेटीचं दार लावून घेतलं आणि टेबलावरचा छोटा रेडिओ लावला. हल्ली तो चालूच ठेवते.

घरी भिंगरीचं नवीनच काहीतरी चाललंय. शाळेतून आली की मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहते. विचारलं तर म्हणते, "काही नाही." एकदा म्हणाली, "आई, तू का जात नाहीस?" मी म्हटलं, "कुठे?" तर गिरकी घेत निघून गेली.

तू अंत्यविधीच्या दिवशी विचारलं होतंस, आईने माझं नाव काढलं का. मी तेव्हाच सांगितलं होतं, शेवटचे दोन दिवस तिला शुद्धच नव्हती. झोपेतच गेली. तुला हे माहीत आहे, मी पुन्हा का लिहिलं कळत नाही. लिहून झालंय, खोडत बसत नाही.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

महिना व्हायच्या आधीच लिहितेय. सलाम वगैरे आज सुचत नाही. हे पत्र फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड.

गेल्या शनिवारी दुपारी मी भिंगरीचे केस विंचरत होते. रेडिओवर भक्तिगीतं चालली होती. मध्येच ती म्हणाली, "आई, रेडिओ बारीक कर ना. ऐकू येत नाही."

"काय ऐकू येत नाही?"

"आजीचं."

माझा कंगवा तिथेच अडला. म्हटलं, "आजी देवाघरी आहे, बाळा."

"हो, पण वाजवते ना. तेव्हापण वाजवायची, आणि तू रेडिओ मोठा करायचीस." मग तिने माझा हात धरून उलटा केला आणि तळव्याच्या मधोमध एक बोट दाबलं. "असं करायची आजी. तुझ्या हातावर टिंब काढायची. तू हात ओढून घेतलास."

धाकट्या, मी त्या पोरीवर ओरडले. असं ओरडले की शेजारच्या बाई गॅलरीत आल्या. "खोटं बोलू नकोस! कोणी शिकवलं तुला हे?" असं बरंच काही. ती रडली नाही. मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिला पाच वर्षं पूर्ण होती. त्या दोन दिवसांत ती त्याच खोलीत, पलंगाखाली तिची भातुकली मांडून खेळत होती. ती तिथे होती हे मी विसरले होते. नाही, विसरले नव्हते. लहान आहे, तिला काय कळतंय, असं धरलं होतं.

सोमवारी मी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना म्हटलं, माझे कान तपासा. त्या म्हणाल्या, "तुला काय धाड भरलीये?" पण बसल्या मशीनवर. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी पेटीत एकटी बसले आणि दार लागलं.

आत काही नव्हतं. हे तुला सांगितलंच पाहिजे. मी जीव मुठीत धरून बसले होते, आणि मशीनचे बारीक आवाज सोडले तर काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. ठोकणं नाही, चमचा नाही. मी आवाज आला की बटण दाबत होते. पंधरा मिनिटांनी दार उघडलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. वाटलं, संपलं, सगळे मनाचे खेळ.

डॉक्टरबाई कागदाकडे बघत म्हणाल्या, "तुझ्यासारखे कान मी पाहिले नाहीत. सगळ्यात हळू आवाजसुद्धा चुकवला नाहीस. पण एक सांग, मध्ये मध्ये उगाच का दाबत होतीस?"

"मी?"

"मी काही सोडलेलं नसताना. तीनदा दाबायचीस, थांबायचीस, परत तीनदा. चार वेळा केलंस. मला वाटलं माझी फिरकी घेतेस."

मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. बटणाची कड रुतून त्यावर लाल वळ उठला होता. मी दाबलं नव्हतं. निदान मला माहीत असलेल्या मी तरी दाबलं नव्हतं.

आता सांगते.

झटका आल्यावर आईची वाचा गेली ते तुला ठाऊक आहे. शुद्ध मात्र होती. अगदी शेवटपर्यंत होती. डावा हात चालत होता. मी तिच्या हातात स्टीलचा चमचा दिला आणि ठरवून दिलं, पलंगाच्या दांड्यावर एकदा वाजवलं म्हणजे पाणी, दोनदा वाजवलं म्हणजे कूस बदल. सव्वादोन महिने तेवढ्यावर चाललं. अठ्ठावीस डिसेंबरला सकाळी डॉक्टर म्हणाले, आता ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा. ते आईसमोरच बोलले. ते गेले आणि आईने तीनदा वाजवलं.

मी म्हटलं, "तीन म्हणजे काय? तीन काही ठरलेलं नाही." तिने माझा हात ओढला आणि तळव्यावर बोट दाबून धरलं. टिंब. तुला टिंबू फक्त तीच म्हणायची. तू झालास तेव्हा सुईणीला म्हणाली होती म्हणे, "झालं बाई, वाक्य संपलं, दिलं टिंब." मला कळलं. त्याच क्षणी कळलं. मला कळलंय हे तिलाही कळलं.

मी तुला फोन केला नाही.

तू नोव्हेंबरमध्ये फोनवर म्हणाला होतास, "तुला नोकरी सुटत नाही म्हणून आईला मागच्या खोलीत टाकलंस." तिचे कपडे, तिचं अंग पुसणं, तिचं भरवणं, सगळं उरकून मी कामावर जायचे आणि दुपारी धावत यायचे. तुझं ते 'टाकलंस' माझ्या छातीत काट्यासारखं राहिलं. मनात म्हटलं, एकतीसला येणारच आहे, येऊ दे तेव्हा. दोन दिवस आधी येऊन हात धरून बसेल, आई त्याच्याकडे बघून डोळे मिटेल आणि सगळ्या गावाला तोच दिसेल. पाळक सगळं उधळून आलेल्या धाकट्या मुलाच्या परतण्याची गोष्ट सांगतात ना, मला ती ऐकताना कायम थोरल्याचीच बाजू पटत आलीये. शेतावर राबलेला तो, आणि वाजंत्री दुसऱ्यासाठी. मला वाटलं, शेवटचे दोन दिवस तरी आई माझी एकटीची असू दे.

पण ती माझी झाली नाही. ती वाजवत राहिली. तीन, थोडं थांबून परत तीन. अठ्ठावीसला दिवसभर आणि एकोणतीसला दुपारपर्यंत. मी पाणी दिलं, तिने तोंड फिरवलं. कूस बदलली, तिने परत वाजवलं. मग मी रेडिओ लावला. देवाची गाणी लावली, धाकट्या, मोठ्याने. अठ्ठावीसला दाजी कामावरून आले तोवर तिचा हात दमला होता. एकोणतीसला चारच्या सुमारास तिच्या हातातून चमचा पडला. तो मी उचलला आणि परत तिच्या हातात दिला नाही. संध्याकाळी साडेपाचला ती गेली. झोपेत नाही. दाराकडे बघत.

तीसला तू आलास. विचारलंस. मी म्हटलं, नाही, शुद्ध नव्हती. तू म्हणालास, "बरं झालं, त्रास नाही झाला तिला." आणि न जेवता गेलास.

कार्डावर पाचवं जे खोडलं होतं ते हेच, तुला खरं सांगायचं.

भिंगरीची माफी मी मागितली. म्हटलं, तू खरं बोललीस, आई खोटं बोलली. तिने विचारलं, "मग मामाला सांगितलंस?" म्हणून बसलेय लिहायला.

माफ कर असं लिहिणार नाही. ते मागायचं तोंड मला नाही.

ताई


१८ मार्च

धाकट्या,

तू परवा आलास त्याची ही पोच समज. तू पोचलास का नीट, हे विचारायला फोन उचलला होता, परत ठेवला.

तू बोलत होतास तेव्हा मला धड ऐकू येत नव्हतं, कानांत नुसतं घूं घूं होत होतं. म्हणून मला जे कळलं ते इथे लिहिते. चुकलं असेल तर दुरुस्त करून पाठव.

तू चहाला नको म्हणालास. मागच्या खोलीत गेलास, दार लावून घेतलंस, तासाभराने बाहेर आलास. मला वाटलं आता ओरडशील. दाजी भिंगरीला घेऊन खाली गेले होते ते त्यासाठीच. तू स्टुलावर बसलास आणि म्हणालास, "अठ्ठावीसला मी रात्रपाळी करून आलो होतो. क्वार्टरमध्ये झोपलो होतो. दहाच्या सुमारास दार वाजलं."

मी म्हटलं, "कुणी?"

"उठून उघडलं. कुणी नव्हतं. सबंध कॉरिडॉर रिकामा, नुकतीच फरशी पुसलेली, ओली. तिच्यावर एक पाऊल नव्हतं. परत पडलो, परत वाजलं. तीनदा. हळू. भीतभीत वाजवल्यासारखं. समोरच्या खोलीतल्या फिटरला विचारलं, तो म्हणाला काही वाजलं नाही, भट्टीचा आवाज डोक्यात बसलाय तुझ्या. त्या दिवशी मी नऊ वेळा दार उघडलं."

मध्ये मी पाणी पुढे केलं ते घेतलंस, एवढं मला नक्की आठवतं.

"एकोणतीसला तेच. मी विचार केला, जे कोणी आहे त्याला दार उघडेपर्यंत थांबायचा धीर होत नसेल. म्हणून दार सताड उघडं टाकलं आणि खुर्ची घेऊन दारातच बसलो. कडाक्याची थंडी होती, फिटर मला वेडा म्हणाला. उघड्या दारावर वाजतच होतं. माझ्या डोळ्यांसमोर. फळीवर, या इथे." तू टेबलावर दाखवलंस. "मला भीती वाटली नाही. मी नुसता म्हणत होतो, या ना आत. चारला थांबलं. मी तरी बसून राहिलो. मग तुझा फोन आला."

तू हे दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतंस. माझं पत्र वाचेपर्यंत ते काय होतं हे तुला माहीतच नव्हतं.

मग तू विचारलंस, "मी एवढ्या लांबून प्रत्येक वेळी दार उघडलं. तू तिथेच होतीस. तुला एकदाही उघडावंसं वाटलं नाही?"

याला मी उत्तर दिलं नाही असं तुला वाटलं असेल. मी दिलं होतं, तोंडातून बाहेर आलं नाही. उत्तर असं, की वाटलं होतं. एकोणतीसला दोन वाजता फोन हातात घेतला होता, तुझा नंबर लावला होता, आणि एक रिंग जायच्या आत कापला. म्हणजे मला वाटलं नाही असं नाही. वाटूनसुद्धा केलं नाही. हे जास्त वाईट आहे, म्हणून तुला ते कळायला हवं.

जाताना तू दारात म्हणालास, "माफ करेन की नाही, आज सांगता येत नाही. पत्रं बंद करू नकोस." मी करणार नाही. भिंगरीला तू जिन्यात बसवून काय काय विचारलंस आणि तिने काय सांगितलं, ते मी तिला विचारलेलं नाही. ते तुम्हा दोघांचं.

तू गेल्यापासून घर शांत आहे. दवाखान्यातही कुणी काही बोललं नाही. काल शिंपीणबाई मुद्दाम आल्या होत्या, डावा कान ऐकतो हे दाखवायला नातीला घेऊन. उजवा कान नकोच म्हणाल्या, सरळ डावा तपासा. मी सगळे आवाज सोडून पाहिले, शेवटच्या आकड्यापर्यंत गेले. दिवा लागला नाही. त्या खुर्चीतून उठायलाच तयार नव्हत्या. दोन्ही हातांनी तो कान दाबून धरून म्हणाल्या, "गेलं हो. मी त्या हाकेला उत्तर दिलं नाही म्हणून गेलं का? माझं काही चुकलं का?"

मी त्यांच्याजवळ आत बसले, दार लावून घेतलं आणि म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही. ती तुम्हाला हाक मारत नव्हती." त्यांना ते ऐकू गेलं नाही, यंत्र काढलेलं होतं. मला मात्र तिथे, त्या खोलीत, पहिल्यांदा ते स्वतःच्या तोंडून ऐकायला मिळालं.

नात बाहेर काचेला नाक लावून उभी होती. आम्ही बराच वेळ बसलो.

पत्राखाली नेहमीसारखं 'ताई' लिहिलं होतं. तू परवा आल्यापासून जाईपर्यंत मला एकदाही ती हाक मारली नाहीस, म्हणून खोडलं. तू म्हणशील तेव्हा लिहीन. घाई नाही.

तोवर,
तुझ्या आईची मुलगी